‘नेट गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं? घरच्या वायफायची पहिली ओळख

आमच्या वाड्यावर ‘नेट गेलं’ या दोन शब्दांचे मी आजवर सात अर्थ मोजलेत. माडाचं चुडत (झावळी) केबलवर पडलं, हा पहिला. वीज गेली म्हणून राउटर बंद, हा दुसरा. महिन्याचे पैसे भरायचे राहिले, हा तिसरा. नातवाने पासवर्ड बदलला, हा चौथा. फोन विमान-मोडवर गेला, हा पाचवा. फोन वायफायला जोडलेलाच नव्हता, मोबाइल डेटावर चालला होता आणि तो डेटा संपला, हा सहावा. सातवा शेजारच्या काकींचा: नेट ठणठणीत, पण ज्या साइटवर त्यांना फॉर्म भरायचा होता तीच झोपलेली.

सातही वेळा तक्रार एकच आणि उपाय मात्र सात. कस्टमर केअरला आपण ‘नेट गेलं’ एवढंच सांगतो, मग तिकडूनही ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढंच येतं. म्हणून हे शब्द जरा ओळखीचे करून घ्यायचे. खांबावरून नेट घरात शिरतं आणि तुमच्या हातातल्या फोनपर्यंत पोचतं, त्याच वाटेने आपण चालत जाऊ. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात जुन्या चिरेबंदी घरात राहतो, त्यामुळे भिंतींबद्दल जरा जास्तच बोलेन. पणजी-मडगावच्या फ्लॅटवाल्यांनी तेवढा भाग भरभर वाचला तरी चालेल.

पोदेर आणि स्वयंपाकघर

सगळ्यात आधी एक गाठ सोडवू. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, भोंगा वाजवत येतो आणि पाव गेटवर देतो. गेटपासून स्वयंपाकघरापर्यंत तो पाव आपणच नेतो. इंटरनेट हे पोदेराचं काम आणि वायफाय हे गेटपासून आतलं. पोदेर आलाच नसेल तर स्वयंपाकघरात कितीही शोधा, पाव मिळायचा नाही. आणि पाव गेटवर लटकतोय पण कुणी आत आणला नाही, तर दोष पोदेराचा नाही.

हे फोनवरच तपासता येतं. फोनच्या वरच्या पट्टीत वायफायचं पंख्यासारखं चिन्ह भरलेलं आहे, तरी काहीच उघडत नाही, किंवा चिन्हाशेजारी उद्गारचिन्ह दिसतंय: फोन राउटरशी बोलतोय, पण बाहेरून काही येत नाही. म्हणजे बहुतेक वेळा बिघाड घराबाहेरचा किंवा खात्याचा. उलट चिन्हच अर्धमेलं आहे, किंवा एका खोलीत नेट चालतं आणि दुसरीत नाही, तर बिघाड घरातला. हा एवढा निवाडा केला की निम्मं काम झालं.

‘वायफाय’ हा कुठल्या लांब नावाचा संक्षेप आहे असं बरेच जण समजतात. तसं काही नाही. ते १९९९ मध्ये बाजारासाठी घडवलेलं नाव आहे. त्यामागचं तांत्रिक मानक १९९७ मध्ये आलं आणि त्याचा क्रमांक ८०२.११. हा क्रमांक कुणाच्या जिभेवर बसणार होता? डब्यावर ‘वायफाय ४’, ‘५’, ‘६’ असं छापलेलं असतं, ती त्याच मानकाची पुढची रूपं: ४ हे २००९ चं, ५ हे २०१३ चं, ६ हे २०२१ मध्ये पक्कं झालेलं. आज नवा राउटर घ्यायचा तर ६ घ्या. जुना ५ चालत असेल तर नुसत्या आकड्यासाठी बदलू नका.

पहिली पायरी: खांबापासून डब्यापर्यंत

आता बहुतेक घरांत नेट येतं ते फायबरवरून. फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काच. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. खांबावरून घरापर्यंत येणारी काळी चपटी वायर दिसते, तिच्यात ही काच असते आणि शेजारी आधाराला सहसा एक पोलादी तार. काच ओढ सहन करते, पण वाकवलेली तिला आवडत नाही. अंगठ्याभोवती गुंडाळण्याइतकी घट्ट वळवली तर प्रकाश वळणावरच सांडतो. साधारण तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण देऊ नये. हे मी पैसे मोजून शिकलो. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) साफसफाईत लोखंडी कपाट भिंतीला नीट टेकवलं आणि मागची वायर चेपली. दोन दिवस मी कंपनीला शिव्या देत होतो. माणूस आला, त्याने कपाट चार बोटं पुढे ओढलं आणि नेट आलं.

ही वायर घरातल्या ज्या डब्याला जोडतात त्याला ओएनटी म्हणतात. प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणं हे त्याचं काम. नेट घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपना वाटून देणारा तो राउटर. पूर्वी हे दोन वेगळे डबे असायचे. आता बहुधा एकाच डब्यात दोघे नांदतात, म्हणून सगळे त्याला सरसकट राउटर म्हणतात. कुणी ‘मोडेम’ म्हटलं तर तो जुन्या टेलिफोन लाइनच्या काळातला माणूस समजा. १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं, ते तसल्याच टेलिफोन लाइनवरून किरकिरत यायचं. नेट चालू असलं की फोन एंगेज.

डब्यावरचे दिवे वाचायला शिका. खरं सांगायचं तर या लेखातला सगळ्यात कामाचा भाग हाच. पॉवर म्हणजे वीज आहे. पॉन हा दिवा हिरवा आणि स्थिर हवा, म्हणजे कंपनीच्या यंत्राशी तुमच्या डब्याची ओळख पटलीय. एलओएस हा दिवा विझलेला असायला हवा. तो लाल लुकलुकायला लागला तर प्रकाश डब्यापर्यंत पोचतच नाही: फायबर तुटलंय, चेपलंय किंवा खोबण सैल झालीय. अशा वेळी डबा दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. वायर कुठे वाकलीय का बघा, मागची हिरवी खोबण नीट बसलीय का बघा (तिच्या तोंडात डोळा घालून मात्र बघू नका, तो लेझरचा प्रकाश आहे आणि डोळ्याला दिसत नाही), आणि फोन करा. पॉन हिरवा आहे पण इंटरनेटचा दिवा विझलेला किंवा लाल आहे, तर वायर ठीक आहे. खात्यात काहीतरी अडलंय. बिल, योजना संपणं, किंवा लॉगिनची माहिती उडणं.

दुरुस्तीला येणारा मुलगा एक छोटं यंत्र लावून ‘पॉवर किती येते’ ते बघतो. तो आकडा उणे असतो आणि डीबीएममध्ये मोजतात. डीबीएम हे ताकदीचं माप: आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी ताकद जास्त. उणे २० च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ हा बहुतेक डब्यांचा शेवटचा दम. उणे २६ दाखवून तो ‘चलता है’ म्हणाला तर त्याला सोडू नका, पहिल्या मोठ्या पावसात ती लाइन बसणार. जोड पुन्हा करून घ्या. मीटरवरचा आकडा विचारणारं गिऱ्हाईक दिसलं की तो मुलगाही जरा नीट काम करतो, असा माझा अनुभव.

आता इशारा. डब्याच्या मागे एक बारीक भोक असतं, आत बटण. ते रीसेट. रीस्टार्ट वेगळं, रीसेट वेगळं. रीस्टार्ट म्हणजे बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं, यात काहीच जात नाही. रीसेट म्हणजे डब्याची पाटी कोरी करणं. तुमचं वायफायचं नाव, पासवर्ड आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंपनीने आत भरलेलं लॉगिन, सगळं पुसलं जाऊ शकतं. मग माणूस येईपर्यंत बसा. आमच्या घरी एका पाहुण्या भाच्याने सुईने ते बटण दाबलं होतं. मुलगा हुशार होता, हीच अडचण.

दुसरी पायरी: योजनेचा कागद वाचणं

‘१०० एमबीपीएस’ म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइलींचं वजन मात्र मेगाबाइटमध्ये असतं आणि ८ बिटांचा एक बाइट. म्हणून शंभराच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतील. दीड जीबीची लग्नाची व्हिडिओ फाइल उतरायला निदान दोन मिनिटं. ‘१०० चं नेट घेतलं तरी १२ च दाखवतंय’ ही तक्रार घेऊन माझ्याकडे दोघे आले होते. दोघांचंही नेट अगदी पुरेपूर होतं.

जाहिरातीत लिहिलेली किंमत बहुधा करावेगळी असते. ४९९ ची योजना १८ टक्के जीएसटी धरून ५८९ च्या आसपास जाते. ‘अमर्याद’ या शब्दापुढे चांदणी असली तर खालची बारीक अक्षरं वाचा. तिथे एफयूपी, म्हणजे वाजवी वापराची मर्यादा दिलेली असते. बऱ्याच योजनांत ती महिन्याला ३३०० जीबी असते आणि घरगुती वापरात ती गाठणं अवघडच. स्वस्त योजनांत मर्यादा बरीच खाली असते, आणि ती ओलांडली की वेग एक-दोन एमबीपीएसवर येतो. केंद्राने २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग २ एमबीपीएस ठरवला. म्हणजे दोनवर आलेलं नेटही कागदोपत्री ब्रॉडबँडच.

‘१०० पर्यंत’ यातला ‘पर्यंत’ही वाचा. एका फायबरवरचा प्रकाश वाटेत स्प्लिटर नावाच्या काचेच्या तुकड्यातून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत या सगळ्यांना मिळून खाली येणारा वेग सुमारे २५०० एमबीपीएस असतो. एकाच वेळी सगळे पूर्ण वेग ओढत नाहीत म्हणून ते निभतं. रात्री नऊला क्रिकेटचा सामना असला की कधी निभत नाही.

किती वेग घ्यावा? नेहमीच्या एचडी चित्रपटाला ५ एमबीपीएसच्या आसपास लागतात, व्हिडिओ कॉलला त्याहून कमी, मोठ्या टीव्हीवर फोर-के बघायचं तर २५. चार माणसांच्या घराला ५० पुरतात, १०० म्हणजे ऐसपैस. आतल्या खोलीत नेट पोचत नाही म्हणून ३०० ची योजना घेणारे लोक मी पाहिलेत. ते म्हणजे स्वयंपाकघर लांब आहे म्हणून पोदेराकडून जास्त पाव घेणं.

डाउनलोड आणि अपलोड हे दोन वेग वेगळे. बाहेरून घरात येतं ते डाउनलोड, घरातून बाहेर जातं ते अपलोड. घरी कॅमेरे लावून मुंबईत किंवा मस्कतमध्ये बसून बघणार असाल, तर तुमच्या कामाचा आकडा अपलोडचा.

आणखी एक शब्द, पिंग. तुमच्याकडून निघालेला लहानसा संदेश समोरच्या यंत्रापर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. वेग म्हणजे रस्त्याची रुंदी आणि पिंग म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पणजी ते मुंबई सहाशेच्या आसपास धरले तर जाऊन-येऊन सहा मिलिसेकंद ही निसर्गाचीच अट झाली, यंत्रांचा वेळ त्यावर वेगळा. परदेशातून आपल्याकडे येणाऱ्या समुद्राखालच्या केबली मुंबई, चेन्नई, कोची अशा ठिकाणी किनाऱ्याला लागतात, गोव्यात नाही. दारात समुद्र असला तरी आपलं नेट वळसा घालूनच येतं. फोनवर बोलताना दोघे एकमेकांच्या बोलण्यावर चढतात, तेव्हा वेग नव्हे, पिंग बघा.

तिसरी पायरी: चिऱ्याच्या भिंती

आता माझा आवडता विषय. राउटर रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांत बोलतो: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांब, दुसऱ्याची त्याच्या निम्मी. लांब लहर भिंतीतून बरी निभावते, पण वेग कमी देते आणि गर्दीत सापडते, कारण ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्टीत. चहा गरम करताना व्हिडिओ अडकतो त्याचं कारण हेच. आखूड लहर वेगवान, पण भिंत आली की मान टाकते.

आपली भिंत म्हणजे चिरा, म्हणजे जांभा दगड. लोह भरपूर, भोकं भरपूर. जुन्या घरात दीड-दोन फूट जाड. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस अंगावर घेतलेली, म्हणजे आषाढ-श्रावणात पाणी पिऊन बसलेली. पाणी या लहरी शोषून घेतं. मे महिन्यात माजघरात येणारं वायफाय जुलैमध्ये आलं नाही तर राउटर बिघडलाय असं लगेच समजू नका. राजांगणाचा मात्र फायदा होतो: मध्ये उघडी जागा, तुळशीवरून लहरी समोरच्या ओसरीत आरामात जातात. शिंपल्यांच्या तावदानांची जुनी खिडकी असेल तर तिच्यातूनही. कौलारू छप्पर तसं निरुपद्रवी, पण वर पत्रा घातला असेल तर लहर तिथून परत फिरते.

मग राउटर कुठे ठेवायचा? बसवायला येणारा माणूस दाराजवळ, वायर संपेल तिथे ठेवून मोकळा होतो. त्यासाठी आदल्या दिवशीच जागा ठरवून ठेवा. घराच्या मध्यावर, छातीपेक्षा उंच, उघड्यावर. लोखंडी कपाटावर नाही, आरशामागे नाही, तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या फडताळात तर मुळीच नाही. टीव्हीमागेही नको. वीस मीटर जादा फायबर मागा. त्याचे थोडे पैसे लागले तरी द्या, पुढचा सगळा त्रास त्यात वाचतो. डब्याला उभ्या काड्या असतील तर त्या उभ्याच ठेवा: लहर काडीच्या टोकातून नव्हे, तिच्या बाजूंनी मेदुवड्याच्या आकारात पसरते. माडीवरही नेट हवं असेल तर एक काडी आडवी करून बघा.

जागा पक्की करण्याआधी फोनवर सिग्नल मोजणारं एखादं फुकटचं अ‍ॅप घेऊन घरभर चाला. आकडा इथेही उणे डीबीएममध्ये. उणे ५० झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ नंतर रडगाणं. दर दहाला ताकद दहापट घटते, म्हणजे उणे ५० आणि उणे ७० यांत शंभरपटीचा फरक. प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर लिहून काढा. आमच्या देवखोलीत उणे ८४ आला. देवाला नेट लागत नाही, म्हणून तो विषय तिथेच संपवला.

गोंधळ उडवणारी एक जागा. राउटर बऱ्याचदा दोन नावं दाखवतो आणि एकाच्या शेवटी ‘५जी’ लिहिलेलं असतं. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. राउटरवरचा जी म्हणजे गिगाहर्ट्झ, मोबाइलमधला जी म्हणजे पिढी. मोबाइलचं फाइव्ह-जी आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं. ‘माझा फोन फोर-जी आहे, मला ते ५जी चालणार नाही’ असं म्हणून वर्षभर हळू पट्टीवर राहिलेले एक मास्तर मला माहीत आहेत. राउटरच्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत ५ ची पट्टी वापरा, लांब २.४ ची. दोन्हींना एकच नाव दिलं की फोन स्वतः निवडतो, तो बहुतेक वेळा ठीक निवडतो. स्मार्ट बल्ब, कॅमेरे, प्लग यांतल्या बऱ्याच वस्तूंना २.४ च कळतं. त्या जोडल्या जात नसतील तर आधी हे तपासा.

२.४ च्या पट्टीत चॅनेल, म्हणजे छोटे छोटे कप्पे असतात. त्यांतले १, ६ आणि ११ एकमेकांवर चढत नाहीत. फ्लॅटमध्ये शेजारचे दहा राउटर दिसत असतील तर या तिघांपैकी सगळ्यात रिकामा निवडा. वाड्यावर शेजारी शंभर मीटरवर असेल तर चॅनेल विसरा.

एवढं करूनही आतल्या खोल्या कोरड्या राहिल्या तर तीन वाटा. एक्स्टेंडर स्वस्त, प्लगमध्ये खोचला की झाला. पण तो ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणून साध्या एक्स्टेंडरवर वेग साधारण निम्म्यावर येतो. लोक तो नेट नसलेल्या खोलीत लावतात. तिथे त्यालाच काही ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? तो अर्ध्या वाटेवर लावायचा. मेश म्हणजे दोन-तीन डब्यांची टोळी, एकच नाव, फिरताना फोन एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप जातो. महाग, पण नव्या घरांत सुरेख. चिऱ्याच्या घरात मात्र मेशचे डबेही भिंतीतूनच एकमेकांशी बोलतात, आणि अडचण तर भिंतीचीच होती. म्हणून माझं मत तिसऱ्या वाटेला: कॅट-सिक्स ही नेटची तांब्याची वायर आणि तिच्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीतून आलेलं नेट त्या खोलीत वायफायने वाटणारा डबा. वायर शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार जाते आणि भिंतीला एक भोक एवढाच खर्च. वायरीत आठ तारा असतात, आठही जोडून घ्या. चारच जोडल्या तर वेग शंभरावर अडतो. अंगणातून नेणार असाल तर बाहेरची, जाड काळ्या आवरणाची घ्या. आतली वायर दोन उन्हाळ्यांत तडकते.

चौथी पायरी: कुलपं

पासवर्ड तीन आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. वायफायचा, जो पाहुणे मागतात. राउटरच्या आतल्या सेटिंगचा, जो डब्याखाली छापलेला असतो आणि कुठे कुठे अजून ‘अ‍ॅडमिन’ एवढाच असतो. तो बदला. आणि कंपनीच्या खात्याचा, बिल भरायचा.

वायफायचं नाव, म्हणजे एसएसआयडी, काहीही ठेवा, पण घर नंबर आणि आडनाव नको. सुरक्षेच्या जागी डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडा. पहिलं २००४ चं, दुसरं २०१८ चं. डब्ल्यूईपी दिसलं तर ते कुलूप २००१ मध्येच फुटलंय. डब्ल्यूपीएस नावाचं बटण दाबून जोडायची सोय बंद ठेवा. पासवर्ड निदान बारा अक्षरांचा असू द्या. तीन-चार असंबद्ध शब्द जोडले की लक्षातही राहतो. मोबाइल नंबर हा पासवर्ड नव्हे. आमच्या वाड्यावर मी चार घरांचं वायफाय केवळ त्यांचे नंबर माहीत असल्यामुळे उघडू शकलो असतो.

गेस्ट नेटवर्क ही सोय गोव्यात तरी प्रत्येकाने वापरावी. तोच डबा पाहुण्यांसाठी दुसरं नाव दाखवतो. त्यावरून नेट मिळतं, पण तुमचा कॅमेरा, प्रिंटर, लॅपटॉप दिसत नाही. चवथीला मुंबईची, बेळगावची मंडळी आली की माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या मंडपीखाली) बसून पंधरा फोन एकदम पासवर्ड मागतात. गेस्ट नाव चालू करा, फोनच्या वायफाय सेटिंगमधून त्याचा क्यूआर कोड काढून दारामागे चिकटवा, विसर्जनानंतर बंद करा. खोल्या पर्यटकांना भाड्याने देणाऱ्यांसाठी तर हे सक्तीचंच समजा. कनेक्शन तुमच्या नावावर आहे. त्यावरून कुणी काही भलतंसलतं केलं तर विचारणा पहिल्यांदा तुमच्याकडेच येणार.

पत्ते, थोडक्यात

आयपी पत्ता म्हणजे प्रत्येक यंत्राचा आकडी पत्ता. राउटरचा स्वतःचा बहुधा १९२.१६८.१.१ असतो. ब्राउझरमध्ये तो टाकला की सेटिंगचं पान उघडतं. घरातल्या फोनना पत्ते वाटणारी सोय डीएचसीपी. मॅक पत्ता हा यंत्राच्या जन्माचा नंबर, पण आताचे फोन प्रत्येक वायफायला वेगळा बनावट मॅक दाखवतात, तेव्हा राउटरच्या यादीत अनोळखी यंत्र दिसलं म्हणून लगेच चोर समजू नका. डीएनएस ही वही: साइटचं नाव दिलं की आकडी पत्ता सांगते. व्हॉट्सअ‍ॅप चालतं पण एकही साइट उघडत नाही, असं झालं तर वही हरवलीय. डीएनएसच्या जागी ८.८.८.८ टाकून बघा. ती गूगलची २००९ पासूनची सार्वजनिक वही आहे.

जुन्या पद्धतीचे पत्ते जगात एकूण सुमारे ४३० कोटीच. ते पुरत नाहीत, म्हणून कंपन्या अनेक घरांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. रोजच्या वापरात ते जाणवत नाही. जुन्या धाटणीचा सीसीटीव्ही रेकॉर्डर परदेशातून बघायचा असेल तेव्हा मात्र तो दिसत नाही आणि कॅमेरेवाला नेटवाल्याकडे, नेटवाला कॅमेरेवाल्याकडे बोट दाखवतो. तेव्हा विचारायचं: ‘मला स्थिर आयपी मिळेल का, आणि त्याचे किती?’ नवे कॅमेरे कंपनीच्या क्लाउडमार्फत जोडले जातात, त्यांना ही भानगड नाही.

पाचवी पायरी: पावसाळ्याची तयारी

डबा फार तर दहा-बारा वॅट खातो. त्याच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, दोन-तीन तास सहज चालतो. घेताना डब्याच्या अडॅप्टरवरचे आकडे बघा: व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचं बाहेरचं यंत्र बॅटरीवर चालू असेल तर घर अंधारात असतानाही नेट राहतं. जूनमधल्या रात्री याचं मोल कळतं.

मे अखेरच्या आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात अडॅप्टर भिंतीतून उपसा. काचेतून वीज येत नाही हे खरं, पण बोर्डातून येते, शेजारच्या पोलादी तारेतून येऊ शकते आणि अंगणातून नेलेल्या कॅट-सिक्समधून तर हमखास. पोलादी तार घराबाहेरच कापून बांधायला सांगा, आत डब्यापर्यंत आणू देऊ नका. पावसाआधी एकदा खांबापर्यंत चालत जाऊन वायर बघा. तिच्यावर झुकलेलं चुडत, कुळागरातल्या (माड-पोफळीच्या बागेतल्या) वानरांची झोक्याची जागा, भिंतीत शिरते तिथला उताराकडे जाणारा पागोळ्यांचा ओघ. घरात शिरण्याआधी वायरीला खाली एक सैल झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून गळतं, आत येत नाही.

आणि तक्रार करायची वेळ आलीच, तर ती अशी करा: ‘पॉवर हिरवा, एलओएस लाल लुकलुकतोय, सकाळी सहापासून. डबा रीस्टार्ट केलाय, रीसेट नाही. वायर घरात कुठे वाकलेली नाही.’ किंवा: ‘पॉन हिरवा, इंटरनेटचा दिवा नाही, बिल भरलेलं आहे.’ किंवा: ‘नेट येतंय, पण लॅपटॉप वायरीने जोडून वेग मोजला तर शंभराऐवजी वीस मिळतोय, तीन रात्री सलग.’ वेगाची तक्रार वायफायवर मोजून करू नका, ते लगेच भिंतीवर ढकलतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तो क्रमांक, ग्राहक क्रमांक आणि कस्टमर केअरचा नंबर एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. नेट गेल्यावर हा नंबर शोधायला नेटच लागतं.